सत्तरीची कमान

व्हेस्टरहाउन
५ फेब्रुवारी १९९५

प्रिय डाग्नीताई,

पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टरने जिना चढू नको म्हटल्यावर तू दुसऱ्याच दिवशी माळ्यावर पडदे शोधायला गेलीस, हे वाचल्यावर वाईट वाटायचं थांबलं. भोग आता.

अकरा मार्चला मला सत्तर पुरी होतात. उभा जन्म या गावच्या पेपरात दुसऱ्यांच्या सत्तऱ्या छापण्यात गेला. कुणाच्या लग्नाला पंचवीस झाली, कुणाच्या पन्नास झाली, की शेजारी रात्रीतून दारात फर झाडाच्या फांद्यांची कमान उभी करणार, आणि पहाटे बँडवाल्यांच्या मागे कॅमेरा घेऊन मी हजर. बाहेर कुडकुडत फोटो काढायचे, मग आत जाऊन गोल पाव, चीज आणि बिटरचा, त्या कडवट दारूचा, घोट. गावातल्या एकूण एक कमानीखाली मी उभा राहिलोय. माझ्या दारात काही ती लागायची नाही, बिनलग्नाच्या माणसाचा रौप्यमहोत्सव कोण करणार. पण सत्तरी सगळ्यांनाच येते. दार उघडं ठेवायचं, येईल तो येईल. पाव सांगून ठेवलेत.

येतील की नाही हा प्रश्न आहे. तुला माहीत आहे, नोव्हेंबरात त्या बुडालेल्या गलबताची शंभरी झाली. वाळूच्या टेकडीवरच्या दगडाला हार, शाळकरी पोरांचं गाणं, आमच्या शूर नाविकांनी खलाशांना वाचवायला वादळात होडी घातली वगैरे दरसालचं कीर्तन. मी माझ्या सदरात खरं काय ते लिहिलं. त्या रात्री एकही होडी पाण्यात गेली नाही. अकरा खलाशी हाकेच्या अंतरावर ओरडत मेले आणि आमचे शूर नाविक खानावळीत बसून वारा पडायची वाट बघत होते. तेव्हाच्या पाद्रीबुवांनी हे बिशपला स्पष्ट कळवलं होतं, कुणी वाचायची तसदी घेतली नव्हती इतकंच.

झालं, गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात मी शिरलो की बोलणं बंद. फ्लेमिंग, आमचा नवा संपादक, ज्याला बातमी लिहायला मी शिकवलं, त्याने माझं सदर "तूर्तास" थांबवलं. मीही त्या दिवसापासून पेपर बंद केला. ज्या पेपरात मी नाही तो माझ्या घरात कशाला?

एक ठरवलंय. वाचनालयाच्या बाई माझ्या कॅसेटी मागताहेत. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तीस वर्षं बोलतं करून भरल्यात, केळ्यांची सहा रिकामी खोकी भरून आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं आता मातीखाली आहेत. सत्तरीला लोक आले तर त्यांच्यासमोर ती खोकी गावाला देऊन टाकायची. नाहीच आले, तर मग गावाचं आणि माझं देणंघेणं संपलं.

तू येशील का?

तुझा,
आस्गेर


ओडेन्से
१४ फेब्रुवारी १९९५

प्रिय आस्गेर व्हाल्डेमार,

चिडू नकोस. आजोबांचं नाव आहे, आणि तुला त्या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरलेय. शाळेत पोरं चिडवायची म्हणून तू ते टाकून दिलंस, मला काही टाकवत नाही.

मी येऊ शकत नाही. आगगाडीत चार तास गुडघा वाकवून बसले तर उतरताना मला कुणीतरी उचलावं लागेल. पण मी येत नाही ते फक्त गुडघ्यामुळे नाही, खरं सांगते. मला ते पाहवणार नाही.

तुला बाबांची पन्नाशी आठवत नसणार, तू सात वर्षांचा होतास. मी बाराची होते. बाबा जकात नाक्यावर, आणि आदल्या हिवाळ्यात त्यांनी चोरटी दारू आणणाऱ्या दोन होड्या पकडून दिल्या होत्या. आईने पहाटे उठून कॉफी केली, वाढदिवसाचा झेंडा चढवला, टेबलावर पांढरी चादर. बाबा सूट घालून खिडकीपाशी बसले. कुणी आलं नाही. समोरच्या बिर्गितमावशी पडद्याआडून बघत होत्या, पण रस्ता ओलांडून आल्या नाहीत. संध्याकाळी आईने पाव गोळा करून डब्यात भरले आणि आठवडाभर आपण तेच खाल्ले. तुला गंमत वाटत होती. बाबा त्यानंतर त्या खिडकीपाशी परत कधी बसले नाहीत, आणि दोन वर्षांत गेले. लोक म्हणतात हृदय. मी बघितलंय कशाने ते.

तेव्हा माझं ऐक. पेपरात दोन ओळींची जाहिरात दे, सगळे देतात तशी, की वाढदिवसाची दखल घेऊ नये. मग कुणी आलं नाही तरी त्याला कारण असतं. आणि तू इकडे ये. मी डुकराचं रोस्ट करते, आपण दोघं जेवू.

तुझी,
डाग्नी


व्हेस्टरहाउन
२० फेब्रुवारी १९९५

प्रिय ताई,

नाही.

आपल्या हाताने आपल्या दाराला कडी घालणाऱ्यातला मी नाही. जाहिरात म्हणजे काय हे मला नको सांगूस. मागे आमच्या हेडमास्तरांनी साठीला जाहिरात दिली होती, बायको नुकतीच गेली होती त्यांची. तरी अर्धं गाव बँड घेऊन दारात. तेव्हा मी पहिल्या पानावर गावाला असं झोडपलं होतं की विचारू नकोस. माणूस छापून सांगतो मला एकटं सोडा, तर सोडा, छापलेल्या शब्दाचा मान ठेवा, असं लिहिलं होतं. त्यानंतर या गावात कुणाची छाती झाली नाही जाहिरात मोडायची. तेवढी एक शिस्त मी लावली.

मला बघायचंय. येणार नसतील तर माझ्या डोळ्यांदेखत येऊ नयेत. बाबांनी ते सहन केलं, मीही करीन.

रोस्ट नाताळात खाऊ.

आस्गेर


व्हेस्टरहाउन
१२ मार्च १९९५

प्रिय ताई,

बघितलं.

पहाटे पाचला उठलो, दाढी केली, सूर्य उगवल्यावर झेंडा चढवला. हवा छान होती, म्हणजे हवेचंही निमित्त नाही. टेबल तिन्ही जादा फळ्या लावून लांब केलं. पाव, लोणी, दोन तऱ्हेचं चीज, बिटरच्या बाटल्या, कॉफीचे चार थर्मास. कॅसेटींची खोकी ओळीने भिंतीला लावली, वर नावांच्या चिठ्ठ्या.

साडेआठला पोस्टमन आला. तुझं कार्ड दिलं, टोपीला हात लावला, गेला. दहाच्या सुमाराला थोरकिल लोहाराची गाडी फाटकासमोर थांबली. त्याचे आजोबा गलबत बुडालं त्या रात्री बचावाच्या होडीचे तांडेल होते, म्हणजे व्हायला हवे होते. मी उठून कोट सारखा केला. त्याने काच खाली केली, झेंड्याकडे पाहिलं, माझ्या दाराकडे पाहिलं आणि गाडी सुरू करून निघून गेला. ताई, तो मुद्दाम बघायला आला होता. मजा बघायला.

त्यानंतर कुणी नाही. कुत्रंसुद्धा नाही. दुपारी चर्चमधली माणसं रस्त्यावरून गेली, ती पलीकडच्या बाजूने. फ्लेमिंगचा फोन नाही. वाचनालयाची बाई नाही. एवढं मोठं गाव, पण काय एकी. एक जण चुकून फुटला नाही. मला वाटलं होतं निदान दहा-बारा येतील, चार जण भांडायला तरी येतील. भांडायला आले असते तरी मी बिटर पाजली असती.

सूर्यास्ताला झेंडा उतरवला. पाव डब्यात भरताना तुझ्या आईची, म्हणजे आपल्या आईची आठवण झाली. मी तो दिवस विसरलो होतो खरा. आता नाही विसरणार.

गावाला जे हवं होतं ते त्यांनी केलं. आता मी करतो. कॅसेटी वाचनालयाला देणार नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांचे आवाज जपायला मी कुणाचा गडी नाही.

आस्गेर


ओडेन्से
१७ मार्च १९९५

माझ्या आस्गेर,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मी तुला सांगितलं होतं. पण आता ते उगाळत नाही.

एक मात्र म्हणते. कुणी आलं नाही म्हणजे सगळ्यांच्या मनात वाईटच होतं, असं धरून चालू नकोस. काहींना यावंसं वाटलंही असेल. कुणाला संकोच झाला असेल, कुणाला आणखी काही. माणसं एकमेकांकडे बघून वागतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबांसारखं करू नकोस, तेवढं मला वचन दे. बाबांचं वेगळं होतं, त्यांच्याकडे न येणाऱ्यांकडे काही कारणच नव्हतं.

कॅसेटींचं घाईने काही करू नकोस. नको असतील तर माझ्याकडे पाठव, माळ्यावर जागा आहे. आणि थोरकिलबद्दल तू उगाच वाईट बोलतोस. तो सरळ माणूस आहे. बायकोच्या, मेटाच्या, शेवटच्या आजारपणात त्याने तिचं किती केलं, तूच लिहिलं होतंस.

विणलेले मोजे पाठवतेय.

डाग्नी


व्हेस्टरहाउन
२८ मार्च १९९५

प्रिय ताई,

मोजे मिळाले, होताहेत. बाकी तुझं पत्र उशिरा आलं.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या सकाळीच सहाही खोकी गाडीत घालून नगरपालिकेच्या कचरा मैदानावर नेली. तिथे तर शिस्तच शिस्त. लाकूड इकडे, लोखंड तिकडे, काच पलीकडे. तिथल्या माणसाला विचारलं, आवाज कुठे टाकायचे? त्याने खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "कॅसेट? लहान जळाऊ कचऱ्यात." तर माझी तीस वर्षं लहान जळाऊमध्ये गेली. एकेक खोकं उलटं केलं. चिठ्ठ्या वाऱ्यावर उडाल्या, त्या मी गोळा करून टाकल्या, कारण कचरा करणं मला आवडत नाही. दुपारी मोठी गाडी भरून भट्टीकडे गेली. मी थांबून पाहिलं.

थोडं वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. घरी येऊन पाच वर्षांत झोपलो नव्हतो असा झोपलो. ज्या गावाला जिवंत माणसाकडे पाच मिनिटं यायला होत नाही, त्याने मेलेल्यांचं ऐकून काय दिवे लावले असते?

फ्लेमिंगला कळवलंय की हे केलंय. छापायचं तर छाप म्हटलं.

आस्गेर


ओडेन्से
३ एप्रिल १९९५

प्रिय आस्गेर,

काय लिहू तेच सुचत नाही. सगळ्या? एकही ठेवली नाहीस?

जाऊ दे. आता झालं ते झालं. कदाचित बरंच झालं, तुझी त्या गावाशी बांधलेली गाठ सुटली. घर विकून टाक आणि इकडे ये. खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होताहेत, बागेकडे खिडकी आहे. इथे तुला कुणी ओळखत नाही, ते एक बरं असतं. आपण दोघंच उरलोय, तर एकत्र राहू.

आणि गावात कुणाशी फार बोलत बसू नकोस आता. जुने विषय निघतात आणि नुसता त्रास होतो. लवकर कळव.

तुझी,
डाग्नी


व्हेस्टरहाउन
१९ एप्रिल १९९५

श्रीमती डाग्नी टोफ्ट मोलर यांस,

कुणाशी बोलू नकोस म्हणालात. मी बोललो नाही. थोरकिलच बोलायला आला.

गेल्या शनिवारी सकाळी दार वाजलं. टोपी हातात घेऊन उभा. आत ये म्हटलं नाही तरी आला आणि म्हणाला, फार दिवस यायचं होतं, पण तुला माणसं नको होती म्हणून आलो नाही. मी म्हटलं, कुणी सांगितलं मला माणसं नको होती? तो म्हणाला, तूच, पेपरात. मग त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या तोंडाकडे बघून वाटेनासं झालं.

तुम्हाला सगळं सांगतो, तुम्हाला ऐकायलाच हवं. त्यांनी कमान केली होती. बिनलग्नाच्या माणसाला कमान नसते हे थोरकिलला पटत नव्हतं. आस्गेरने सगळ्यांच्या कमानींचे फोटो काढले, त्याची एक तरी असू दे, असं म्हणून त्याने स्वतः लोखंडी सांगाडा जोडला. फांद्या वनखात्याच्या माणसाने दिल्या. बायकांनी कागदी फुलं केली. बँड ठरला होता. फ्लेमिंगने माझा जुना कॅमेरा कपाटातून काढून ठेवला होता, की या वेळी फोटो तो काढेल. सदर थांबवलं ते प्रकरण निवेपर्यंत, असं तो थोरकिलला म्हणाला होता. सगळं आगीच्या बंबाच्या शेडमध्ये झाकून ठेवलेलं. बुधवारच्या पेपरात जाहिरात आली, आणि मग काय करणार. दोघा-तिघांचं म्हणणं पडलं की तरी जाऊ. तेव्हा थोरकिलनेच त्यांना माझा तो जुना लेख आठवून दिला. छापलेल्या शब्दाचा मान ठेवा. दहा वाजता तो एकटा गाडी घेऊन आला, कारण त्याला झेंडा दिसला आणि कळेना की झेंडा का. पण छापलेलं ते छापलेलं, म्हणून परत गेला. कमानीच्या फांद्या चर्चच्या मागे टाकल्या, सांगाडा त्याच्या अंगणात आहे. त्यावर आता वाल चढवणार म्हणतो.

मी त्याला आजोबांचं विचारलं. म्हटलं, तुला राग नव्हता? तो म्हणाला, "म्हातारा त्या रात्री खानावळीत होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याने मरताना सांगितलं होतं. राग एवढाच आला, की लिहायला तू इतकी वर्षं लावलीस."

मग तो कशासाठी आला होता ते त्याने सांगितलं. मी फ्लेमिंगला कळवलं होतं, पण फ्लेमिंगने ते छापलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. त्याला वाटलं असेल, म्हातारा रागात बोलतोय. थोरकिलला काही कल्पना नव्हती. त्याला मेटाची कॅसेट हवी होती. मी तिला एकदा हेरिंग मासे साफ करायच्या दिवसांबद्दल बोलतं केलं होतं, ती मधेच हसत सुटते आणि तिला थांबताच येत नाही. थोरकिल म्हणाला, "फोटो आहेत रे माझ्याकडे. पण ती हसायची कशी ते जात चाललंय डोक्यातून. एकदा ऐकलं म्हणजे पुढचं निभेल."

मी म्हटलं, शोधतो. आयुष्यभर लोकांना खरं काय ते तोंडावर सांगितलं, आणि या माणसाला म्हटलं शोधतो. तो पुढच्या शनिवारी परत येणार आहे. मग त्याच्या पुढच्या.

सोमवारी पेपरच्या कचेरीत गेलो. फ्लेमिंगने जाहिरात काढून दिली. फोनवरून दिली होती कुणा बाईने, माझ्यातर्फे म्हणून. कोण ते विचारायची गरज पडली नाही. खाली छापलं होतं, आस्गेर व्हाल्डेमार टोफ्ट. हे नाव पंचेचाळीस वर्षांत या पेपरात एकदाही आलेलं नाही. ते उच्चारणारं माणूस जगात एकच उरलंय, तुम्हीच लिहिलं होतंत.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. बाबांसारखं होऊ नये म्हणून. माझ्या भल्यासाठी. मला ते कळतं, आणि म्हणूनच जास्त संताप येतो, कारण वाईट मनाने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण अकरा तारखेनंतर तुम्ही मला दोन पत्रं लिहिलीत. पहिल्यात खरं काय ते एका ओळीत लिहिलं असतं, तरी ते खोकी जळल्यावरच हाती पडलं असतं, मी हळहळलो असतो इतकंच, ते नुसतं उशीर झाल्याचं दुःख असतं. दुसऱ्यात सगळं जळल्यावर तुम्ही लिहिलंत, बरंच झालं. आणि गावात बोलू नकोस. आणि इकडे ये.

माझीही चूक सांगतो, नाहीतर पुन्हा अर्धवट इतिहास होईल. शंभर वर्षं कुणी पाद्रीबुवांचं पत्र वाचलं नाही म्हणून मी गावाला शहाणपण शिकवलं, आणि स्वतः रुसून पेपर बंद केला. बुधवारी तो उघडला असता तर गुरुवारी सगळं निस्तरलं असतं. शेजारच्या घरी पेपर येतो. कुंपणावरून मागायचा होता फक्त.

घर विकणार नाही. मी इथेच राहणार, थोरकिलला खरं काय ते सांगायचं आहे. या शनिवारी सांगीन.

सप्टेंबरात तुम्हाला पंच्याहत्तर पुरी होतात. मी ओडेन्सेच्या पेपराला फोन केला होता. मजकूर सांगितला, वाढदिवसाची दखल घेऊ नये, डाग्नी टोफ्ट मोलर. पलीकडच्या मुलीने परत वाचून दाखवला. मग मी रद्द करा म्हटलं. दया आली असं समजू नका. तुमच्याकडे लोक येऊ देत. सगळे येतील, तुम्ही माणसांत प्रिय आहात. पाव भरपूर सांगा, चादर पांढरी घाला.

फक्त मी येणार नाही. कुणी विचारलंच भाऊ का नाही आला, तर माझ्यातर्फे काहीतरी सांगा. ते तुम्हाला जमतं.

आस्गेर टोफ्ट